उरलेल्या ट्यूबचं काय करता?

कुठल्याही घरी जा. फ्रिजच्या दारात, आरशामागच्या कप्प्यात नाहीतर टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये मलमाची एक अर्धवट पिळलेली ट्यूब सापडतेच. शेपटाकडून गुंडाळत आणलेली, टोपणाला चीर गेलेली, वरची अक्षरं पुसट झालेली. ती कुणासाठी आणली होती, हे घरात आता कुणालाच नीट आठवत नसतं. धाकट्याला मांडीवर नायटा झाला होता तेव्हा आणली असावी. मग ती सासूबाईंच्या घोट्याच्या खाजेला लागली. नणंद माहेरपणाला आली तेव्हा तिच्या गालावरच्या पुटकुळीला लागली. शेजारच्या वहिनी ‘जरा बोटभर द्या’ म्हणून घेऊन गेल्या. प्रत्येक वेळी दोन दिवसांत गुण आला, म्हणून ही ट्यूब घरात मानाची!

मैत्रिणींनो, आज या ट्यूबबद्दलच बोलायचं आहे. दोन दिवसांत गुण येणं ही तिची खोडही असू शकते.

मी आमच्या तालुक्यात बचत गटांचं काम करते. महिन्याच्या बैठकीत हिशेब झाले, की अर्धा तास आम्ही आरोग्यावर बोलतो. एकदा त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाई येणार होत्या, तेव्हा बायकांना सांगितलं, घरात असतील नसतील तेवढी अंगाला लावायची मलमं पिशवीत घालून आणा. सतरंजीवर छोटासा ढीगच झाला. बाईंनी एकेक ट्यूब उचलून मागची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. क्लोबेटासोल, निओमायसिन, मायकोनाझोल. बीटामेथासोन, जेंटामायसिन. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन. एका मावशींनी विचारलं, “बाई, ही एका औषधाची नावं की तिघांची?” बाई म्हणाल्या, “तिघांची. आणि तुम्हाला यातलं एकच हवं होतं. कदाचित एकही नको होतं.”

ही नावं रामायणातल्या राक्षसांसारखी वाटली, तरी ओळखून ठेवायला सोपी आहेत. नावाच्या शेवटी ‘सोन’ किंवा ‘सोल’ आलं, की आधी स्टिरॉइडचा संशय घ्यायचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, हायड्रोकॉर्टिसोन, क्लोबेटासोल. (फ्लुओसिनोलोनसारखी एकदोन मात्र या खुणेतून निसटतात.) शेवटी ‘मायसिन’ असेल तर बहुधा अँटिबायोटिक, म्हणजे जंतूंना मारणारं औषध. फ्युसिडिक अ‍ॅसिड आणि म्युपिरोसिन हीसुद्धा अँटिबायोटिकच. आणि शेवटी ‘नाझोल’ असेल तर ते बुरशीवरचं. नायटा, गजकर्ण हे आजार बुरशीचे. त्यांना हे तिसरं औषध लागतं, पहिलं मुळीच नाही.

मग पहिलं औषध लावल्यावर नायट्याची खाज थांबते कशी? इथेच तर सगळी मेख आहे.

आपल्या कातडीत काही शिरलं, की शरीर आरडाओरडा करतं. जागा लाल होते, सुजते, खाजते. स्टिरॉइड हा आरडाओरडा बंद करतं. लाली जाते, सूज उतरते, खाज थांबते. ज्या आजारात शरीर उगाचच ओरडत असतं, उदाहरणार्थ काही प्रकारचं इसब किंवा अ‍ॅलर्जी, तिथे हे औषध म्हणजे वरदान. स्टिरॉइडच्या शोधाबद्दल १९५० साली तिघा शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं आणि १९५२ साली हायड्रोकॉर्टिसोन पहिल्यांदा कातडीवर लावून त्याचा उपयोग दिसला, तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांना आकाश ठेंगणं झालं असणार. पण ओरडण्याचं कारण खरंच घरात शिरलेला चोर असेल तर? राखणीच्या कुत्र्याचं तोंड बांधलं की घर शांत होतं, चोर मात्र आतच असतो आणि आता त्याला रान मोकळं. नायट्यावर स्टिरॉइड लावलं की असंच होतं. वरून डाग फिका पडतो, खालून बुरशी पसरते. ट्यूब थांबवली की दुप्पट जागेत उगवते. पुन्हा ट्यूब. असं चारसहा महिने चाललं, की नायट्याचं रूपही बदलतं. नेहमीची गोल कड दिसत नाही आणि डॉक्टरांनासुद्धा पटकन ओळखू येत नाही. डॉक्टर लोक याला ‘छुपा नायटा’ अशा अर्थाच्या नावानं ओळखतात. गेल्या दहाएक वर्षांत आपल्या देशात हट्टी, नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा नायटा फार वाढला आहे. त्यामागच्या कारणांत ही मिश्र मलमंही आहेत, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात.

बायकांच्या कंबरेचं तर वेगळंच सांगायला हवं. परकराची नाडी जिथे घट्ट बसते तिथे घाम साचतो, पावसाळ्यात परकर अर्धवट ओलाच नेसला जातो, आणि तिथे गजकर्ण ठाण मांडतं. लाजेपायी कुणाला दाखवायचं नाही. नवऱ्याला पाठवून मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ आणायची. अहो, तो बिचारा दुकानात काय सांगणार? “खाज आहे, काहीतरी द्या.” दुकानदार तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब देतो, म्हणजे तीनपैकी एक तरी लागू पडेल! या आजाराला खरं म्हणजे नुसत्या बुरशीच्या औषधाचा पुरा कोर्स लागतो. तो बहुधा काही आठवड्यांचा असतो आणि डाग दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवायचा असतो. घरातल्या ज्यांना ज्यांना नायटा असेल त्यांनी एकाच वेळी उपचार घ्यायचे. टॉवेल वेगळे, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात उलटे वाळवलेले, नाडी जरा सैल. हे सगळं केलं नाही, तर नुसत्या ट्यूबनं नायटा घरातल्या घरात फिरत राहतो, भिशीच्या पाळीसारखा.

आता चेहऱ्याकडे वळू. कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं, आणि सगळ्यात जास्त मनस्तापही.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी. लग्नाचं बघत होते. गालावर मुरुम, कपाळावर थोडे काळे डाग. कुणीतरी एक क्रीम सांगितलं, रात्री लावायचं. आठ दिवसांत चेहरा उजळला, गुळगुळीत झाला. दाखवण्याचा कार्यक्रम झाला, फोटो छान आले. तिनं क्रीम सोडलं नाही. का सोडावं? वर्षभरानं मात्र उन्हात गेलं की चेहरा भाजल्यासारखा व्हायचा. गालावर लाल बारीक शिरांचं जाळं दिसू लागलं, हनुवटीवर लव वाढली, मुरुम पहिल्यापेक्षा जास्त. घाबरून क्रीम बंद केलं, तर चौथ्या दिवशी तोंड सुजून लालबुंद. पुन्हा लावलं की तासाभरात थंड. तिची आई मला म्हणाली, “व्यसन लागल्यासारखं झालंय हो पोरीच्या कातडीला.”

शब्द आईचा, पण तो अगदी नेमका होता. आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी २००८ साली या अवस्थेला ‘टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस’ असं नाव सुचवलं. स्टिरॉइड लावून खराब झालेला आणि पुढे त्याच्यावाचून न राहणारा चेहरा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या देशातल्या १२ केंद्रांमधल्या एका पाहणीत चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेले २९२६ रुग्ण तपासले, तेव्हा त्यातले ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना ते डॉक्टरांनी दिलेलंच नव्हतं. मैत्रिणीनं, नातेवाईकानं, पार्लरमध्ये, दुकानदारानं सांगितलं होतं. बरेचजण ते गोरं होण्यासाठी किंवा रोजचं साधं क्रीम म्हणून लावत होते. आणि सगळ्यात बोचणारी गोष्ट अशी, की तीव्र ताकदीची मलमं वापरण्याचं प्रमाण गावांत आणि शहरांच्या कडेच्या वस्त्यांत जास्त होतं. म्हणजे जिथे तज्ज्ञ कमी, तिथे औषध जालीम!

गोरेपणाच्या वेडाबद्दल मी इथे प्रवचन देणार नाही. मुलीच्या रंगावरून स्थळ फिरतं हे मलाही दिसतं, आणि त्या मुलीला ‘रंगात काय आहे’ म्हणणं सोपं आहे. पण त्या क्रीमनं मिळणारा उजळपणा हा कातडी पातळ होण्याचा आणि रक्तवाहिन्या आकसण्याचा परिणाम असतो, हे तरी तिला कळायला हवं. वांगावर डॉक्टर कधी कधी तीन औषधांचं मिश्रण देतात, त्यात सौम्य-मध्यम स्टिरॉइड असतं. तेही ठरावीक आठवड्यांसाठी, उन्हापासून सांभाळून आणि तपासणीला बोलावून. चिठ्ठीवरचे ते आठवडे आपण विसरतो आणि ट्यूब वर्षभर चालवतो.

ज्यांच्या चेहऱ्याची अशी अवस्था झाली आहे त्यांना एकच कळकळीनं सांगते. महिनोन् महिने लावलेलं क्रीम हा लेख वाचून आज रात्री एकदम फेकून देऊ नका. त्वचारोगतज्ज्ञांना गाठा. काहींना ते लगेच थांबवायला सांगतात, काहींना हळूहळू कमी करायला लावतात, जळजळीवर दुसरं औषध देतात. काही महिने लागतात. लाली, मुरुम बऱ्याच अंशी जातात. जांघेत, काखेत किंवा दंडावर बाळंतपणानंतर पोटावर येतात तसे चरे उमटले असतील, तर ते मात्र सहसा पुसले जात नाहीत.

कातडी सगळीकडे सारखी नसते, हे आपल्या लक्षातच येत नाही. पूर्वी एका प्रयोगात मोजलं होतं, की कोपराखालच्या हाताच्या तुलनेत कपाळातून सुमारे ६ पट औषध आत शिरतं. तळपायातून अगदीच थोडं. म्हणजे सासूबाईंच्या भेगाळलेल्या टाचेसाठी दिलेलं जालीम मलम सुनेच्या कपाळावर काय करेल, विचार करा. पापणीची कातडी तर त्याहून नाजूक. तिथे बरेच दिवस स्टिरॉइड लागलं, तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. आणि बाळं! बाळाच्या वजनाच्या मानानं त्याचं अंग मोठं, कातडी कोवळी. त्यात लंगोटाच्या जागी मलम लावून वरून घट्ट डायपर बांधला, की औषध झाकून मुरवल्यासारखं आत जातं, रक्तातही उतरतं. बाळाच्या लंगोटाच्या लालीवर घरातली ट्यूब कधीही लावू नका. आधी ती जागा पाण्यानं धुवून कोरडी करा, थोडा वेळ मोकळी ठेवा. दोनतीन दिवसांत कमी झालं नाही तर डॉक्टर.

आणखी एक फसगत टक्क्यांची होते. एका ट्यूबवर १ टक्का असतो, दुसरीवर ०.०५ टक्के. आपल्याला वाटतं दुसरी सौम्य. उलट असतं! १ टक्क्याचं हायड्रोकॉर्टिसोन हे सगळ्यात सौम्य मलमांपैकी आणि ०.०५ टक्क्यांचं क्लोबेटासोल हे सगळ्यात तीव्र. तिखटाचं उदाहरण घ्या ना. वाटीभर काश्मिरी मिरची आणि चिमूटभर लवंगी मिरची यात जास्त कोण झोंबेल? क्लोबेटासोल डॉक्टरसुद्धा एकावेळी साधारण दोन आठवड्यांपलीकडे सलग देत नाहीत.

किती लावायचं, याचं माप डॉक्टरीणबाईंनी आम्हाला फार छान दाखवलं. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या शेवटच्या पेरावर, म्हणजे टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत, ट्यूबमधून एक सरळ रेघ पिळायची. मोठ्या माणसाच्या बोटावरची ती रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढ्यात बोटांसकट दोन तळव्यांएवढी जागा भागते. आता हिशेब करा, आपण बायका हिशेबाला पक्क्या! तळव्याएवढा एक डाग, दिवसातून दोनदा लावायचं, म्हणजे दिवसाला अर्धा ग्रॅम. दहा दिवसांचे झाले पाच ग्रॅम. ट्यूब असते पंधरा ग्रॅमची. म्हणजे डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे अगदी नीट वापरली तरी दोन तृतीयांश ट्यूब उरणारच. हीच ती फ्रिजच्या दारातली ट्यूब. पैसे देऊन आणलेली वस्तू फेकायला आपला हात धजत नाही, आणि तिथूनच पुढचं सगळं सुरू होतं.

निदान एवढं करा. ट्यूब घरी आली की खोक्यावर पेनानं तीन गोष्टी लिहा, कुणासाठी, अंगाच्या कुठल्या भागासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत. मलम पातळ थरात लावा, वरून पट्टी किंवा प्लॅस्टिक बांधू नका, लावल्यावर हात धुवा. दिवसातून दोनदा सांगितलं असेल तर चारदा लावून आजार लवकर जात नाही.

अँटिबायोटिक मलमाचं दुखणं थोडं वेगळं आहे. ते कातडी पातळ करत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. विळीनं बोट कापलं, लाव. मूल पडलं, लाव. डास चावला, तरी लाव! साध्या खरचटण्याला वाहतं पाणी, साबण आणि स्वच्छ फडकं पुरतं. जखम पिकली, पू किंवा मधाच्या रंगाच्या खपल्या धरल्या, तर डॉक्टर अँटिबायोटिक मलम देतात, बहुधा पाचसात दिवसांसाठी. थोडं थोडं, उगाच, महिनोन् महिने लावत राहिलं, की जंतू त्या औषधाला सरावतात. मग खरी गरज पडते तेव्हा ते चालत नाही. म्युपिरोसिनचंच बघा, हट्टी जंतूंसाठी हॉस्पिटलमध्ये ते राखून ठेवावं लागतं. आपण ते डासाच्या चाव्यावर उधळतो. निओमायसिननं तर काहींना त्याचीच अ‍ॅलर्जी येते. जखम बरी होण्याऐवजी खाजू लागते, आणि आपण म्हणतो मलम कमी पडलं, अजून लावा.

सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं बरीच वर्षं पाठपुरावा केल्यावर मार्च २०१८ मध्ये १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत, ‘शेड्यूल एच’मध्ये घातली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात त्वचेची मिश्र मलमंही होती. खोक्यावर लाल रेघ किंवा लाल चौकटीतला इशारा दिसला, की ते चिठ्ठीचं औषध समजायचं. कागदावर हे सगळं आहे. काउंटरवर काय चालतं, ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही.

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझा लेख वाचून कुणीतरी भलतंच करून बसेल. ‘स्टिरॉइड’ हा शब्द ऐकूनच काही आया दचकतात. एका लहानग्याला कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत इसब होतं. रात्रभर खाजवून रक्त काढायचा. डॉक्टरांनी सौम्य स्टिरॉइड दिलं होतं, आजीनं ते वाईट असतं म्हणून बंद करवलं. मूल झोपेना, जखमा पिकल्या. योग्य आजाराला, योग्य ताकदीचं, सांगितले तितके दिवस लावलेलं हे मलम सुरक्षित आहे. कोडाच्या डागांवरही डॉक्टर ते देतात. त्यांनी तपासून दिलेलं औषध ऐकीव भीतीनं सोडू नका. शंका असेल तर त्यांनाच विचारा, “डॉक्टर, हे किती दिवस लावू? चेहऱ्याला चालेल का?”

एक डाग मात्र अजिबात अंगावर काढायचा नाही. कातडीपेक्षा फिका किंवा तांबूस, न खाजणारा, आणि टोचलं तरी कळत नाही असा. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्यावर घरातली ट्यूब चोळत बसलात तर निदान लांबतं आणि तेवढ्यात नसा कायमच्या दुखावतात. सरकारी दवाखान्यात यावरचे उपचार मोफत आहेत आणि सहा किंवा बारा महिन्यांत आजार पूर्ण बरा होतो. लाज बाळगण्यासारखं त्यात काही नाही.

“तज्ज्ञ जिल्ह्याला बसतात, एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं वेगळं,” हे मला बैठकीत दर वेळी ऐकवलं जातं, आणि ते खरंच आहे. आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. बराच नायटा, खरूज, इसब तिथेच निभावतं. ‘ई-संजीवनी’ ही सरकारची मोफत सेवा २०२० पासून घरबसल्या मोबाइलवरही मिळते, आशाताई किंवा आरोग्य केंद्रातल्या ताई ती जोडून देतात. आणि ज्यांना मलमाचा त्रास झाला आहे त्यांनी १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर तो जरूर नोंदवावा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेचा तो क्रमांक आहे, आपल्यासारख्या साध्या माणसालाही तिथे बोलता येतं.

डॉक्टरांकडे जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत टाकून न्या. रिकाम्या, अर्ध्या, शेजारणीकडून आणलेल्या, पार्लरमधल्या बिननावाच्या डबीसकट. ओरडतील म्हणून लपवू नका. काय लावलं होतं हे कळल्याशिवाय त्यांना डागाचं खरं रूप ओळखता येत नाही. आणि डागावर दोनतीन दिवस काहीही न लावता जाता आलं, तर त्यांचं काम अजून सोपं होतं. मात्र महिनोन् महिने लावत असलेलं क्रीम असेल, तर ते थांबवायचं की नाही हे त्यांनाच ठरवू द्या.